ट्रॅक्टरच्या पीटीओवर उसाचा चरक कसा जोडावा

गावातले जुने गुऱ्हाळ बंद पडते तेव्हा काहील कोणीतरी उचलून नेते, चुलाण दोन पावसाळ्यांत ढासळते, आणि बिडाचा चरक मात्र बाभळीखाली वर्षानुवर्षे पडून राहतो, कारण तो हलवायचा म्हटले तरी आठ माणसे लागतात. असा तीन लाटांचा, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या तीन रुळांचा, चरक भंगाराच्या भावात मिळत असेल आणि दारात ट्रॅक्टर उभा असेल, तर घरापुरता आणि पाहुण्यारावळ्यांपुरता गूळ व काकवी करण्याएवढी यंत्रणा एका हंगामाच्या तयारीत उभी करता येते. हा लेख ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टवर, असा चरक जोडण्याविषयी आहे. ज्यांनी ट्रॅक्टरच्या मागे आजवर फक्त नांगर, रोटाव्हेटर आणि ट्रॉली जोडली आहे, त्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

नवख्या माणसाला वाटते की ट्रॅक्टरची ताकद चरकापर्यंत पोहोचवणे हेच यातले अवघड काम आहे. ताकद पोहोचतेच, आणि गरजेच्या तिपटीहून अधिक पोहोचते. चरकात काही अडकले तर या सगळ्या साखळीतील नेमके काय मोडावे, हे आधी ठरवून ठेवण्यातच खरी कारागिरी आहे. ते आपण ठरवले नाही तर चरक स्वतः ठरवतो, आणि तो नेहमी सर्वांत महाग भाग निवडतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चरकाच्या जागेपर्यंत थ्री-फेज वीज येत असेल आणि ती दिवसा टिकत असेल, तर १० एचपीची मोटर बसवावी. ती तासाला साधारण ८ ते ९ युनिटे घेते, तर तेवढ्याच कामाला ट्रॅक्टर तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल पितो. ट्रॅक्टरची जोडणी फायद्याची ठरते ती शेतीची वीज रात्रीच येणाऱ्या भागात, किंवा वर्षातून पंधरा-वीस दिवसच गाळप करायचे असेल तेव्हा.

चरक विकत घेण्याआधी

जुना चरक घेताना रंग किंवा गंज पाहू नये. गंज घासून निघतो. पाहायचे असते ते दात्यांच्या चाकांकडे. वरची लाट शाफ्टने फिरते आणि तिच्या टोकाला असलेले दातेरी चाक खालच्या दोन लाटांना फिरवते. या तिन्ही चाकांचे सगळे दाते एकेक करून बोट फिरवून तपासावेत. एखादा दात मोडून त्या जागी वेल्डिंगने भरलेला असेल तर तो चरक सोडून द्यावा, कारण बिडावरचे वेल्डिंग अशा ओढीत फार दिवस टिकत नाही. त्यानंतर लाटांच्या पृष्ठभागावरील खाचा पाहाव्यात. त्या गुळगुळीत झाल्या असतील तर ऊस आत ओढला जात नाही, नुसता लाटेवर घसरत राहतो. मात्र हे काम मोठ्या लेथवर दुरुस्त होऊ शकते. लाटांचे बूश गनमेटलचे असतात आणि ते झिजलेले असणारच, तेव्हा त्यांचा खर्च हिशेबात धरूनच भाव करावा.

पुढील सर्व आकडे एका विशिष्ट चरकाचे आहेत: १० इंच व्यासाच्या व सुमारे १२ इंच रुंदीच्या तीन आडव्या लाटा, बाजूला दोन टप्प्यांची दातेरी चाके आणि त्यांच्या शाफ्टवर ३६ इंच व्यासाची पुली. तुमच्या चरकाचे आकडे वेगळे निघतील. पद्धत तीच राहील.

वेगाचे गणित

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला, दोन खालच्या हातांच्या मध्ये, जो खाचांचा शाफ्ट बाहेर आलेला असतो तो पीटीओ. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर तो ३५ मिलिमीटर व्यासाचा, सहा खाचांचा असतो आणि मिनिटाला ५४० फेरे घेतो. हे ५४० फेरे इंजिनच्या ठरावीक वेगालाच मिळतात. तो वेग प्रत्येक मॉडेलचा वेगळा असून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि बहुधा मीटरवरील खुणेतही दिलेला असतो. काही ट्रॅक्टरांच्या पीटीओला चाकांच्या गतीने फिरणारी आणखी एक स्थिती असते. खटका चुकून तिकडे राहिला तर उभ्या ट्रॅक्टरचा पीटीओ फिरतच नाही आणि नवखा माणूस तासभर दोष शोधत बसतो.

चरकाच्या लाटेला मात्र मिनिटाला १० च्या आसपासच फेरे हवे असतात. १० इंची लाटेचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर असतो, म्हणजे १० फेऱ्यांत लाटेच्या पृष्ठभागावरून मिनिटाला ८ मीटर ऊस सरकतो आणि आठ फुटी उसाचे कांडे आत जाऊन चिपाड होऊन बाहेर पडायला साधारण १८ सेकंद लागतात. याहून वेग वाढवला तर काम लवकर होईल असे वाटते, पण तसे होत नाही. रसाला लाटांमधून खाली ओघळायला वेळ मिळत नाही, तो चिपाडाबरोबरच पुढे ओढला जातो आणि दाब सुटताच चिपाड त्याला पुन्हा शोषून घेते. शिवाय काहिलीत रस आटायला दोन-अडीच तास लागतात. त्याआधीच पुढच्या आदणाचा (एका वेळी काहिलीत शिजणाऱ्या गुळाचा) रस काढून ठेवला तर तो पिंपात आंबतो. म्हणून चरकाचा वेग चुलाणाच्या वेगाशी जुळवावा.

५४० वरून १० वर यायचे म्हणजे वेग ५४ पटीने कमी करायचा. यातील बराचसा भाग चरकाची स्वतःची दातेरी चाके करतात, आणि तो किती हे मोजायला लेथवाल्याची गरज नाही. वरच्या लाटेच्या टोकावर आणि मोठ्या पुलीच्या कडेवर खडूने एकेक रेघ मारावी. पुली हाताने फिरवत राहावी आणि लाटेची रेघ पुन्हा जागेवर येईपर्यंत पुलीची रेघ किती वेळा वर आली ते मोजावे. आमच्या चरकाचे १८ फेरे झाले. मोजताना एकाने फक्त पुली फिरवावी आणि दुसऱ्याने फक्त मोजावे. दोन्ही कामे एकाच माणसाने केली की आकडा दर वेळी वेगळा येतो.

म्हणजे पुलीच्या शाफ्टला १० गुणिले १८, असे १८० फेरे हवेत. ५४० चे १८० करायला तिपटीचा फरक हवा आणि ३६ इंची पुलीसमोर १२ इंची पुली लावली की तो मिळतो. सूत्र सोपे आहे: चालवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, भागिले चालणाऱ्या पुलीचा व्यास. हेच गणित उलटे वापरून डिझेलही वाचवता येते. लहान पुली १२ ऐवजी १४ इंचांची घेतली, तर पीटीओ ४६० फेऱ्यांवर ठेवूनही चरकाला जवळपास तेवढेच १८० फेरे मिळतात आणि इंजिन खालच्या वेगाला शांत चालते. चरकाला १० एचपी लागते आणि ४० एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर साधारण ३५ एचपी मिळते, त्यामुळे ही सवलत घ्यायला हरकत नसते. तरीही पहिल्या हंगामात १२ इंचच ठेवावे, असे माझे मत आहे; चरकाचा स्वभाव कळला की पुली बदलणे अवघड नाही.

आता ताकदीचे गणित. १० एचपी म्हणजे सुमारे ७.५ किलोवॉट. ५४० फेऱ्यांना एवढी शक्ती वाहून नेताना पीटीओवर सुमारे १३२ न्यूटन-मीटर पिळाचा जोर येतो. तोच जोर लाटेपर्यंत पोहोचताना ५४ पट होतो, म्हणजे घर्षणाची घट सोडली तर ७,००० न्यूटन-मीटरच्या वर. ऊस चिरडायला हा जोर लागतोच. परंतु लाट अडकली, तर ट्रॅक्टर १३२ वर थांबत नाही. त्याच्याकडे ४६० न्यूटन-मीटरपर्यंत देण्याची क्षमता असते, आणि लाटेवर तो जोर २४,००० च्या पुढे जातो. या दोन आकड्यांमधील अंतर हाच या संपूर्ण जोडणीचा धोका आहे.

मधला शाफ्ट

पीटीओ थेट चरकाला जोडता येत नाही. मध्ये एक आडवा शाफ्ट लागतो, ज्याच्या एका टोकाला पीटीओचा जॉइंट शाफ्ट येतो आणि दुसऱ्या टोकाला १२ इंची पुली बसते. यासाठी ५० मिलिमीटर व्यासाचा ईएन ८ प्रतीच्या पोलादाचा शाफ्ट घ्यावा आणि तो यूसीपी २१० क्रमांकाच्या दोन पेडेस्टल बेअरिंगांवर बसवावा. पुली बेअरिंगच्या जितकी जवळ तितकी चांगली. ती हातभर लांब लोंबकळत ठेवली तर पट्ट्यांच्या ओढीने शाफ्ट वाकतो. पुलीची चावी, म्हणजे पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी, १४ मिलिमीटर रुंदीची असावी. चावीची खाच छिन्नीने खोदून वेळ मारून नेणारे असतात. तसे न करता ती यंत्रावरच कापून घ्यावी.

पीटीओकडच्या टोकाला सहा खाचांचा आखूड शाफ्ट लागतो. तो घडवून घेण्यापेक्षा शेती अवजारांच्या सुट्या भागांच्या दुकानातून तयार घ्यावा. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचा शाफ्टही याच मापाचा असतो, त्यामुळे रोटाव्हेटरचाच जॉइंट शाफ्ट इथे चालतो आणि गाळपाच्या दिवसांत रोटाव्हेटर तसाही रिकामा असतो. जॉइंट शाफ्टबद्दल तीन गोष्टी पाळाव्यात. दोन्ही टोकांचे आतील योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत असावेत. ते एकमेकांना आडवे बसले तर शाफ्ट फिरताना धक्के देतो आणि क्रॉस लवकर खातो. एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या किमान एक-तृतीयांश लांबीपर्यंत एकमेकांत गेलेल्या असाव्यात, पण पूर्ण तळाला टेकलेल्या नसाव्यात. आणि दोन शाफ्टांमधील कोन १५ अंशांच्या आत असावा. ट्रॅक्टर जागेवर उभा राहणार असल्याने हा कोन जवळजवळ शून्य ठेवणे आपल्याच हातात आहे: ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून पीटीओच्या मध्यबिंदूची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि मधल्या शाफ्टची चौकट त्याच उंचीची करावी. मोजण्याआधी मागच्या टायरांत नेहमीची हवा भरलेली आहे ना, ते पाहावे.

दिशेचा प्रश्न बहुतेकांना शेवटी आठवतो. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पीटीओकडे पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. चरकाची मोठी पुली कोणत्या दिशेने फिरवली म्हणजे लाटा ऊस आत ओढतात, ते हाताने फिरवून पाहावे आणि पुलीवर रंगाने बाण काढावा. दिशा उलटी येत असेल तर सपाट पट्टा आठाच्या आकड्यासारखा आडवा टाकण्याची जुनी रीत आहे, पण ती व्ही-पट्ट्यांना चालत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे खाचांचे टोक मधल्या शाफ्टच्या विरुद्ध बाजूला बसवून ट्रॅक्टर पलीकडून लावणे. शाफ्टला दुसऱ्या टोकाकडून फिरवले की त्याची दिशा आपोआप उलटते, आणि यासाठी एक रुपयाही लागत नाही. फक्त हे पाया घालण्याआधी सुचले पाहिजे.

पाया, पट्टे आणि ओळ

चरक आणि मधल्या शाफ्टची चौकट एकाच काँक्रीटच्या पायावर बसवावी. दोन वेगळे पाये केले तर पहिल्या पावसाळ्यानंतर एक खचतो आणि पट्टे उतरू लागतात. पाया दोन फूट खोल घ्यावा, फाउंडेशन बोल्ट काँक्रीट ओले असतानाच लाकडी साच्यात धरून सोडावेत आणि निदान पंधरा दिवस पाणी मारून मगच यंत्र चढवावे. चौकटीतील बेअरिंगची भोके गोल न ठेवता लांबट ठेवावीत, म्हणजे शाफ्ट मागे सरकवून पट्टे ताणता येतात. दोन शाफ्टांमधील अंतर चार फूट ठेवले तर पट्ट्याची लांबी सुमारे १७४ इंच येते. त्याच्या सर्वांत जवळचा सी सेक्शनचा (मापाचा) व्ही-पट्टा घ्यावा, तीन घ्यावेत, आणि तिन्ही एकाच कंपनीचे व एकाच लांबीचे घ्यावेत. एक पट्टा जुना आणि दोन नवे अशी काटकसर केली तर सगळा भार नव्या पट्ट्यांवर येतो.

जुन्या चरकाची ३६ इंची पुली बहुधा सपाट पट्ट्याची असते. तिथे खाचांची नवी पुली बसवावी किंवा सपाट पट्टाच वापरावा; दोन्ही चालते. सपाट पट्टा अडकल्यावर घसरतो किंवा उतरतो, हा त्याचा दोषही आहे आणि गुणही.

दोन पुल्या एका ओळीत आल्या आहेत का, हे पाहायला सुतळी पुरते. मोठ्या पुलीच्या एका कडेला सुतळी धरून ती दोन्ही पुल्यांच्या तोंडांवरून ताणावी. ती चारही ठिकाणी कडेला टेकली पाहिजे. पुल्यांची रुंदी वेगवेगळी असेल तर तेवढा फरक मोजून घ्यावा. पट्ट्याचा ताण मधोमध अंगठ्याने दाबून पाहावा: चार फुटांच्या अंतरावर अंगठ्याच्या मध्यम जोराला तो पाऊण ते एक इंच दबला पाहिजे.

मोडण्यासाठी बसवलेला बोल्ट

आता मुख्य मुद्दा. खाचांचे टोक आणि मधला शाफ्ट एकसंध न करता त्यांच्यामध्ये दोन तबकड्यांची जोड ठेवावी. एक तबकडी खाचांच्या आखूड शाफ्टवर, दुसरी मधल्या शाफ्टवर. आखूड शाफ्टचे टोक मधल्या शाफ्टच्या टोकात मध्यभागी केलेल्या भोकात, गनमेटलच्या बूशमध्ये मोकळे बसवावे, म्हणजे बोल्ट तुटल्यावरही दोन्ही तबकड्या एका रेषेत राहून एकमेकींवर निसटत फिरतात. या दोन तबकड्या, मध्यापासून ५० मिलिमीटर अंतरावर, एकाच बोल्टाने जोडलेल्या असाव्यात. हा बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचा, ४.६ ग्रेडचा आणि पूर्ण लांबीवर आटे असलेला घ्यावा, जेणेकरून तो आट्यांवरच कापला जाईल.

त्याचा हिशेब असा आहे. ६ मिलिमीटर बोल्टाच्या आट्यांतील छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिलिमीटर असते. ४.६ ग्रेडचे पोलाद ताणाला ४०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर सोसते आणि कापले जायला त्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे २४० पुरतात. २० गुणिले २४० म्हणजे ४,८०० न्यूटन. ते ५० मिलिमीटर अंतरावर लागले तर २४० न्यूटन-मीटर होतात. नेहमीच्या गाळपाला १३२ लागतात, तेव्हा बोल्ट उगाच तुटत राहत नाही. आणि ट्रॅक्टर ४६० पर्यंत पोहोचण्याच्या बऱ्याच आधी तो तुटतो. बोल्टाच्या डोक्यावर ग्रेडचा आकडा कोरलेला असतो. ८.८ लिहिलेला बोल्ट दुप्पट जोर सोसतो, म्हणून इथे तो निरुपयोगी आहे. दुकानदार तो अधिक चांगला म्हणून आग्रहाने देतो; घेऊ नये.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. आमच्या पहिल्या हंगामात बोल्ट तुटला तेव्हा घरात दुसरा नव्हता, संध्याकाळ झाली होती आणि काहिलीत अर्धा रस पडला होता. मी भोक मोठे करून त्यात १० मिलिमीटरचा बोल्ट ठोकला आणि आदण पुरे केले. तिसऱ्या दिवशी तोडणीवाल्याचा कोयता उसाच्या मोळीतच राहिला आणि मोळीबरोबर चरकात गेला. पट्टे घसरून धूर निघाला, मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि वरच्या लाटेच्या चाकाचे दोन दात रसाच्या घमेल्यात जाऊन पडले. बोल्ट शाबूत होता. कोयताही फारसा वाकला नव्हता.

मोडण्यासाठीच बसवलेला हा बोल्ट, म्हणजे शिअर बोल्ट, ट्रॅक्टरचा जोर तोडतो, पण त्याच्या पुढे फिरत असलेल्या मोठ्या पुलीत साठलेला वेग तोडू शकत नाही. म्हणून चरकाच्या शाफ्टवर पुलीशिवाय आणखी एखादे जड चाक असेल तर ते काढून टाकावे. जुन्या ऑईल इंजिनाचे धक्के सपाट करायला ते बसवलेले असते. चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला त्याची गरज नाही.

झाकणे आणि थांबवण्याची दोरी

उघडा पीटीओ शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यात उपरण्याचे टोक सापडले तर ते सोडवण्याचा विचार मनात येण्याआधीच माणूस ओढला गेलेला असतो. जॉइंट शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण साखळीने अडकवलेले आणि हाताने धरल्यास स्वतः न फिरणारे असावे. मधला शाफ्ट, तबकड्या, दोन्ही पुल्या आणि चरकाची दातेरी चाके यांवर जाळीची झाकणे हवीत, आणि ती बोल्टाने लावावीत. नुसती अडकवलेली झाकणे दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकवलेली दिसतात. धोतर, मफलर, लोंबता पदर, सैल बाह्या यांपैकी काहीही अंगावर असलेल्या माणसाने या बाजूला येऊ नये. लहान मुले रस प्यायला येणारच; त्यांच्यासाठी रसाचा नळ यंत्रापासून दूर न्यावा.

ऊस घालणाऱ्याचा हात लाटेपर्यंत पोहोचताच कामा नये. लाटांसमोर पत्र्याचा पन्हाळ बसवावा. मळणीयंत्राच्या पन्हाळाची लांबी भारतीय मानकात किमान ९०० मिलिमीटर धरली आहे आणि त्यातील यंत्राकडचा ४५० मिलिमीटर भाग झाकलेला असावा असे म्हटले आहे. चरकालाही तेच माप वापरावे. शेवटचे तुकडे हाताने ढकलू नयेत. पुढच्या उसाने मागचा ऊस ढकलला जातो, आणि अगदी शेवटचा तुकडा राहिला तर राहू द्यावा.

यापुढची सोय मी इतर सगळ्या सोयींपेक्षा महत्त्वाची मानतो. चरकाशी असलेला माणूस ट्रॅक्टरच्या सीटपासून पंधरा फूट लांब असतो आणि सीटवर कोणीच नसते. ज्या ट्रॅक्टरचे इंजिन दांडी ओढून बंद होते, त्या दांडीला पातळ तार बांधून ती दोन कड्यांतून चरकापर्यंत आणावी आणि ऊस घालणाऱ्याच्या डोक्यावर, हात वर केल्यावर सापडेल अशी लाल मुठीची दोरी लोंबती ठेवावी. ज्यांचे इंजिन चावीने बंद होते, त्यांनी वायरमनकडून तेवढ्याच अंतरावर बंद करण्याचा स्विच काढून घ्यावा. रोज सकाळी पहिला ऊस घालण्याआधी ही दोरी ओढून इंजिन खरोखर बंद होते का ते पाहावे.

ट्रॅक्टर उभा करणे आणि पहिली चाचणी

ट्रॅक्टर दर वेळी त्याच जागी यावा म्हणून मागच्या टायरांसाठी जमिनीत दोन लोखंडी अँगल रोवावेत. हँडब्रेक लावावा, चारही चाकांना दगड किंवा ठोकळे द्यावेत आणि मागचे खालचे हात जॉइंट शाफ्टला लागणार नाहीत असे बांधून टाकावेत. ट्रॅक्टरची जागा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आणि चुलाणापासून लांब असावी. वाळलेली चिपाडे, ठिणग्या आणि डिझेल यांना एकत्र आणू नये. चिपाडाचा बारीक भुसा उडून रेडिएटरच्या जाळीत बसतो. उभ्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरला समोरून वारा मिळत नसल्यामुळे इंजिन तापते, म्हणून दर दोन तासांनी थांबून जाळी झटकावी.

पहिली चाचणी उसाशिवाय करावी. आधी पट्टे न चढवता फक्त मधला शाफ्ट फिरवावा, मग पट्टे चढवून रिकामा चरक अर्धा तास चालवावा. पीटीओ जोडताना इंजिन कमीत कमी वेगावर असावे आणि क्लच हळू सोडावा. जास्त वेगावर खटका टाकला तर पहिल्याच झटक्याला बोल्ट तुटतो. अर्ध्या तासानंतर यंत्र बंद करून बेअरिंगांना हात लावावा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर ओळ चुकली आहे किंवा ग्रीस जास्त झाले आहे.

लाटांमधील फट सुरुवातीला ऊस घालण्याच्या बाजूला ८ ते १० मिलिमीटर आणि चिपाड बाहेर पडण्याच्या बाजूला एक-दीड मिलिमीटर ठेवावी. मग एका वेळी दोनच ऊस घालून चिपाड हातात घेऊन पिळावे. हाताला चिकट ओल लागली पण थेंब पडला नाही, म्हणजे फट बरोबर आहे. थेंब पडत असतील तर बाहेरची फट बोल्टाने दोन्ही बाजूंना सारखी कमी करावी, प्रत्येक वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. चिपाडाचा भुगा होत असेल तर फट फार आवळली गेली आहे. त्यात रस वाढत नाही, फक्त डिझेल वाढते. चांगल्या जोडणीत १०० किलो उसातून ६० ते ६५ किलो रस आणि त्यातून १० ते १२ किलो गूळ निघतो. एका वेळी चार-पाच ऊस शेजारी शेजारी चालले की तासाला टनाच्या आसपास गाळप होते, आणि घरच्या काहिलीला ते पुरून उरते.

चरक अडकला तर क्रम ठरलेला असावा: दोरी ओढून इंजिन बंद, पीटीओचा खटका मोकळा, चावी खिशात. चावी खिशात जाईपर्यंत कोणीही लाटांना हात लावू नये. नंतर वरच्या लाटेचे बोल्ट सैल करून मोठी पुली हाताने उलटी फिरवावी आणि ऊस मागे काढावा. काही नव्या ट्रॅक्टरांना उलटा फिरणारा पीटीओ असतो, पण अडकलेली लाट त्याने सोडवण्याचा मोह टाळावा. मोकळी करून झाल्यावर दोन्ही बाजूंचे बोल्ट आधी होते तितकेच आवळावेत. एक बाजू जास्त आवळली तर लाट तिरकी बसून बूश एका कडेने खाते.

लाटांच्या बुशांतून गळणारे तेल रसात जाऊ नये म्हणून प्रत्येक बुशाखाली वेगळी पत्र्याची वाटी लावावी आणि ती रोज रिकामी करावी. गाळप संपताच लाटा गरम पाण्याने धुवाव्यात, कारण रात्रभर राहिलेला रस आंबून दुसऱ्या दिवशीच्या आदणाला वास येतो आणि गूळ नीट धरत नाही. हंगाम संपल्यावर पट्टे सैल करून काढून ठेवावेत, लाटांना खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावून ताडपत्री टाकावी आणि जॉइंट शाफ्ट पुन्हा रोटाव्हेटरला चढवण्याआधी त्याच्या क्रॉसना ग्रीस द्यावे.

शिअर बोल्टांचा डबा चौकटीलाच तारेने बांधून ठेवावा, म्हणजे तो घरात आहे की शेतात हे शोधावे लागत नाही. त्यात हंगामाच्या सुरुवातीला किमान दहा बोल्ट आणि ते आवळायचा पाना असावा. आमच्या डब्यात गेल्या हंगामाअखेर सहा उरले होते. तुटलेल्या चारांपैकी तीन दगडांनी तुटले आणि एक माझ्याच घाईने, क्लच झटक्यात सोडल्यामुळे.